टोपलीच्या काठावर आलेले झिंगे

फेब्रुवारीत आमच्या नागपूरच्या कॉलेजच्या कुंपणापाशी पळस फुलतो, दुपारी पंखा लावावा की नको असं होतं, आणि बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या तारखा लागतात. मी इथे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एकोणतीस वर्षांच्या परीक्षा माझ्या हाताखालून गेल्या. प्रत्येकीची यादी माझ्याकडे आहे: काय लागेल, कोण आणेल, कधी आलं, कोणत्या स्थितीत आलं. वर्षाला एक वही. लोक हसतात, पण ऐन वेळी सगळे माझ्याच टेबलाशी येतात.

आताच्या परीक्षेत ओलं काही नसतं. तक्ते, प्लास्टिकची मॉडेल्स आणि आठ संगणक. मुलं पडद्यावरच्या झिंग्याचा एकेक पाय माउसने उचलतात आणि योग्य जागी नेऊन सोडतात. जागा चुकली तर पाय आपोआप परत जातो. चीरफाड बंद झाली, बरंच झालं. पण परवा एक मुलगी पडद्याकडे बघत मैत्रिणीला विचारत होती, "हा खरा केवढा असतो वं?" मैत्रिणीने दोन्ही हात फाकवून कोंबडीएवढा दाखवला. माझ्या बोटांना मात्र तो खरा केवढा असतो ते पटकन आठवलं.

पूर्वी हा महिना ओला होता. प्रयोगशाळेत शिरलं की आधी फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबायचं, आणि त्याच्या आड ओल्या बांबूचा वास असायचा. तो श्रावणभाऊच्या टोपलीचा. श्रावणभाऊ उमरेडच्या पुढच्या एका गावचा ढीवर. तलावात जाळं टाकून झिंगे धरायचा आणि परीक्षेच्या दिवसांत आम्हाला पुरवायचा. काचेसारखे झिंगे. उजेडात धरले तर पोटातलं अन्नसुद्धा दिसायचं. टोपलीत हात घातला की बोटांवर बारीक उड्या बसायच्या, भिजलेल्या हरभऱ्यांनी अचानक जिवंत व्हावं तशा.

प्रश्न दरवर्षी तोच असायचा. झिंग्याच्या अंगावर पायांच्या, मिशांच्या, जबड्यांच्या एकोणीस जोड्या असतात. त्या चिमट्याने एकेक सोडवून काळ्या कार्डावर क्रमाने लावायच्या. झिंगा ताजा हवा, नाहीतर पाय मुळातून सुटत नाहीत, मध्येच तुटतात. म्हणून श्रावणभाऊने एक पद्धत बसवली होती. परीक्षा सोमवारी असेल तर तो शनिवारीच यायचा. एस.टी.त दोन तास हेलकावे खाल्लेल्या जिवाला विसावा पाहिजे, असं तो म्हणायचा. कॉलेजच्या मागे एक बोडी होती, म्हणजे लहानसा तलाव, काठाला बाभळी. झाकणाची उंच टोपली तो दोरीने बाभळीच्या मुळाला बांधायचा आणि बोडीत अशी बसवायचा की वरचा वीतभर भाग पाण्याबाहेर राहील. सोमवारी सकाळी झाकण उघडलं की झिंगे तळाशी शांत बसलेले असायचे.

कधी त्याची बायको जनाबाई सोबत यायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिने मुलांना सराव करताना खिडकीतून पाहिलं होतं.

"मी एका मिनटात सोलून तेलात टाकतो," ती म्हणाली. "तुमचे पोट्टे तीन घंटे लावून राहिले. अन् मंग खात बी नाही?"

"नाही."

"मंग मारता काहून?"

श्रावणभाऊने तिला दटावलं, "चूप वं, साहेब लोकाइचं काम आहे ते." ती चूप बसली नाही. "साहेब लोकाइले काम नाही," असं पुटपुटत ती टोपली उचलायला गेली. ती आली की टोपली पाण्यात सोडायचं काम तिचंच. त्याच्यापेक्षा तिचा हात हलका, पाणी हिंदकळू न देता सोडते, हे तो स्वतःच सांगायचा.

हे सगळं मी विसरले होते असं नाही. कपाटात ठेवलं होतं. या फेब्रुवारीत ते कपाट एका प्लंबरने उघडलं.

झालं इतकंच की प्रयोगशाळेतलं मोठं सिंक तुंबलं. परीक्षेला चार दिवस. मी जरीपटक्याहून प्लंबर बोलावला. त्याने मागची फरशी उचकटली, चेंबर उघडलं, आत बॅटरी मारली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"मॅडम, हे लाइन गटरले जोडलेलीच नाही."

"असं कसं होईल? इमारत झाली तेव्हापासून हेच सिंक आहे."

"तवापासूनच नाही जोडली. हे पाहा, पाइप इकडून सीधा मागं जाते."

"मागे म्हणजे कुठे?"

"बोडीत. आणखी कुठं जाईन?" तो हसला. "मस्त काम केलं ठेकेदारानं. अर्धा पाइप वाचवला."

मी त्याला गटाराला जोडायला किती वेळ लागेल ते विचारलं, सामानाची यादी लिहून घेतली, चहा मागवला. हात आपलं काम करत होते. मग मी स्टोअरमध्ये गेले आणि पंधरा वर्षांपूर्वीची वही काढली. काय शोधते आहे ते मला माहीत होतं. सापडू नये असंही वाटत होतं. सापडलं. डाव्या पानावर शनिवार, उजव्या पानावर सोमवार. डावीकडे माझ्या अक्षरात: 'जुनी रसायने रिकामी करणे, बाटल्या धुणे. झाले.' उजवीकडे: 'झिंगे सर्व मृत. पुरवठादार बदलणे. झाले.' दोन्ही ओळींपुढे बरोबरच्या सारख्याच खुणा. वही मिटली की ती दोन पानं एकमेकांना चिकटून बसत होती, पंधरा वर्षं. मी खाली बसले. स्टोअरमध्ये स्टूल नव्हतं. जमिनीवरच बसले.

त्या वर्षी तपासणी समिती यायची होती. रसायनशास्त्राच्या सहायक बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून त्यांचंही स्टोअर मी आवरायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. समोर पसारा दिसला की मला राहवत नाही. लेबलं गळालेल्या बाटल्या, तळाशी खडे धरलेली द्रावणं, आणि मोरचुदाच्या द्रावणाचे मोठमोठे काचेचे कॅन, एकामागे एक. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, निळाशार. भिंतीवर कागद लावलेला होता: भरपूर पाण्यासोबत सिंकमध्ये सोडावे. मी भरपूर पाणी सोडलं. नळ पूर्ण उघडा ठेवून एकेक कॅन उपडा केला. निळं पाणी पांढऱ्या सिंकमध्ये गोल फिरत जाताना फार सुंदर दिसत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं. शेवटी मी सिंक घासलं, रांगेने पालथ्या घातलेल्या स्वच्छ बाटल्या पाहिल्या, आणि खूण केली.

त्याच दुपारी, त्याच्या तासभर आधी, श्रावणभाऊ आणि जनाबाई टोपली घेऊन आले होते. मी त्यांना व्हरांड्यात पाणी दिलं. जनाबाईने ओंजळ धरली. तिच्या बोटांच्या भेगांत पांढरं काही भरलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "पोरीचं लगन आहे ना बाई, घराले चुना मारून राहिलो. हात धुतले, पण जातच नाही." मग ती खाली बोडीवर गेली आणि तिने टोपली पाण्यात सोडली. मी वर येऊन मोरचुदाचा पहिला कॅन उघडला. टोपली तिथे आहे हे मला माहीत होतं. पाणी जातं कुठे हे मी कधी विचारलं नव्हतं. ते जातं, एवढं पुरेसं होतं.

सोमवारी सकाळी श्रावणभाऊ धावत वर आला. "ताई, चाला. पाहा काय झालं तं."

मी, आमचे विभागप्रमुख सर आणि तो, असे आम्ही बोडीवर गेलो. जनाबाई काठावर उकिडवी बसली होती. झाकण उघडलेलं होतं. तळाशी एकही झिंगा नव्हता. सगळे वर आले होते, पाण्याबाहेरच्या त्या वीतभर बांबूवर, एकमेकांच्या अंगावर, कामट्यांना घट्ट धरून. मेलेले. काचेसारखे राहिले नव्हते, उकडलेल्या तांदळासारखे पांढुरके झाले होते. पाण्यातला जीव पाण्यापासून पळून हवेत येऊन मेला होता. हे मी तेव्हा पाहिलं. पाहिलं आणि मोजायला लागले, कारण नऊ वाजता पहिली तुकडी येणार होती.

"पानी बराबर नाही, साहेब," श्रावणभाऊ म्हणाला. "झिंगा असा वर नाही चढत. पान्यात काहीतरी आहे."

सरांनी बोट दाखवलं. काठाशी बोटाएवढे मासे फिरत होते, बेडूक होते, कमळाची पानं हिरवीगार. "पाणी खराब असतं तर हे जिवंत राहिले असते का?"

श्रावणभाऊ त्या माशांकडे बघतच राहिला. मासा जगतो ते पाणी चांगलं, हे तो आम्हाला दरवर्षी सांगायचा. त्याच्या बापानेही त्याला तेच सांगितलं होतं.

आणि तेव्हा मी बोलले. मला चुका शोधता येतात, म्हणून बोलले. "शनिवारी जनाबाईंच्या हाताला चुना होता. टोपली त्यांनीच सोडली."

जनाबाईने आपले हात उलटे करून पाहिले. श्रावणभाऊने तिच्याकडे पाहिलं, ते कसं पाहिलं ते मी बघितलं नाही. मला वर जाऊन फॉर्मॅलिनमधले जुने झिंगे काढायचे होते. त्या दिवशी मुलांच्या हातून झिंग्यांचे पाय मध्येच तुटत राहिले, दोन मुली रडल्या. संध्याकाळी मी पुरवठादारांच्या यादीतून श्रावणभाऊचं नाव काढलं. शहरातल्या इतर कॉलेजांच्या सहायकांशी माझी ओळख, यादी आम्ही एकमेकांना देत असू. त्या सगळ्यांना फोन केले. सगळ्यांनी आभार मानले.

आता मी रसायनशास्त्राच्या नव्या, तरुण मॅडमना विचारलं. कशासाठी ते सांगितलं नाही. मोरचूद पाण्यात गेलं तर मासे मरतात का? त्या म्हणाल्या, प्रमाणावर आहे. कधी कधी मासे तगतात आणि झिंगे, खेकडे मात्र आधी जातात. त्यांच्या कल्ल्यांवर तांबं बसतं, श्वास घेता येत नाही. "गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "झिंग्याच्या रक्तातच तांबं असतं. आपल्यात लोखंड, त्यांच्यात तांबं. त्यावरच ते जगतात. थोडं जास्त झालं की त्यानेच मरतात."

त्या गंमत म्हणाल्या, बोलायची पद्धत असते. मी हो म्हटलं आणि बाहेर आले. परीक्षेच्या तीन दिवसांत मी एकही चूक केली नाही. रोल नंबर, उत्तरपत्रिका, सह्या. पण मध्येच कुठेही, जिन्यावर, बसस्टॉपवर, घरी कणीक मळताना, ते झिंगे कामट्यांना धरलेले दिसायचे. किती सरळ सांगत होते ते. पाणी सोडून वर आले होते, याहून जास्त काय करायला हवं होतं त्यांनी? सांगणारे तेच, सांगणारा श्रावणभाऊ, आणि आम्ही तिघांत दोघं शिकलेली माणसं माशांकडे बोट दाखवत उभी.

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी मी उमरेडची एस.टी. धरली. कोळशाच्या ट्रकांची धूळ खिडकीतून आत येत होती, रस्त्याकडेची झाडं त्या धुळीने काळपट झाली होती. मनात मी वाक्यं तयार केली होती. तुमचं नाव मी चुकीने काढलं. झिंगे माझ्यामुळे मेले. एवढं सांगायचं. जनाबाईंबद्दल काही सांगायचं आहे हे, खरं सांगते, माझ्या डोक्यात नव्हतं. चुन्याचं वाक्य मी सहज बोलले होते. सहज बोललेलं कुठवर जातं, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. श्रावणभाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत होता. केस पांढरे झाले होते, मला ओळखून लगेच उठला. "ताई? इकडं कुठं वाट चुकल्या?" त्याने खाट टाकली. सुनेने पाणी आणलं. ओसरीवर सकाळची टोपली होती, तिच्यात झिंगे सळसळत होते. जनाबाई पलीकडे भिंतीला टेकून सुकी मासळी निवडत होती. नजरानजर झाली, तिने मान हलवली, उठली नाही.

"अजून तलावावर जाता?" मी विचारलं.

"जातो ना. आता उमरेडच्या बाजारात विकतो. नागपूरचं सुटलं." तक्रार नव्हती त्यात. त्याने सुनेला हाक मारली, "टोपली सावलीत घे वं बाई." जनाबाई टोपलीच्या अगदी जवळ होती. मी सहज म्हटलं, ती घेईल की. तो हसला.

"तिले नाही हात लावू देत. तिचा हात लागला का मरते. तुमालेच तं माहीत आहे, ताई. तुमीच पकडलं होतं."

सूनही हसली. जुना, घरातला विनोद असावा, रोजच्या वापराचा. जनाबाई हसली नाही. तिने मासळीतला खडा काढून बाजूला टाकला.

"फक्त झिंगेच नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पोरीले पोरगा झाला तवा विहीणबाई म्हणे, पोराले आंघोळ मी घालीन, तुहा हात जड आहे. इथून तिथवर गेली ते गोष्ट. लग्नाच्या चुन्याची."

माझी तयार वाक्यं सगळी पडली. मी खाटेवरून उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. जे झालं ते सांगितलं. सिंक, कॅन, निळं पाणी, बोडीत जाणारा पाइप. तिला कळावं म्हणून मोरचूद म्हटलं. ती म्हणाली, "मोरचूद माहीत आहे, संत्र्याच्या झाडाले मारते ते." मी म्हटलं, हो, तेच, पुष्कळ. तुम्ही टोपली सोडली आणि त्यानंतर मी ते सोडलं. तुमच्या भेगांतल्या चुन्याने काही झालं नव्हतं.

श्रावणभाऊच्या हातातली सुई थांबली होती. "पन मासे तं जित्ते होते," तो म्हणाला.

"मासे तगतात त्यात. झिंगे नाही तगत. तुम्ही बरोबर सांगत होता, पाण्यात काहीतरी आहे म्हणून. आम्ही ऐकलं नाही."

त्याने सुई जाळ्यात खोचली. मग जनाबाईकडे न बघता म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं, हिच्या हातानं नाही मेले."

"वाटलं होतं तं बोलला काहून नाही?" जनाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पंधरा वरीस माह्यावर हसून राहिला."

त्याने मान खाली घातली. सून टोपली धरून उभी होती, ती ठेवावी की नाही हे तिला कळेना.

मी माफ करा म्हटलं. जनाबाईने ते ऐकलं आणि हाताने बाजूला सारलं, माशी सारावी तसं. तिला ते नको होतं. ती काहीतरी विचार करत होती. मग म्हणाली, "लिहून दे."

"काय?"

"हे जे बोलली ते. तू उद्या नागपूरले जाशीन. मी सांगितलं तं कोन मानते?"

"वाचता येतं तुम्हाला?"

"मले नाही येत. याले येते."

मी पर्समधून वही काढली आणि पान फाडलं. एरवी दोन शब्दांत काम उरकायची सवय, पूर्ण वाक्य जमेना. तीनदा सुरुवात केली. शेवटी असं लिहिलं: 'त्या शनिवारी मी प्रयोगशाळेतलं मोरचुदाचं पाणी बोडीत सोडलं. त्याने झिंगे मेले. जनाबाईंच्या हातात काहीही दोष नव्हता. चुना होता म्हणून मेले असं मी बोलले, ते खोटं ठरलं.' खाली पूर्ण नाव, सही, कॉलेजचा हुद्दा. जनाबाईने कागद घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि नवऱ्यापुढे धरला.

श्रावणभाऊने चष्मा आणायला सांगितलं. डोळ्यांजवळ धरून तो मनातल्या मनात वाचू लागला.

"जोरानं," जनाबाई म्हणाली.

तो वाचू लागला. अडखळत, एकेक शब्द सुटा करत. कुंपणापलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज थांबला. 'हातात काहीही' पर्यंत तो आला आणि घसा खाकरला. मग पुढचे दोन शब्द वाचले. सही वाचली. चष्मा काढला.

"परत वाच," जनाबाई म्हणाली.

त्याने चष्मा परत लावला.